अ‍ॅलम्नस म्हणजे कोण

कोल्हापुरातल्या एका बोर्डिंगच्या माजी विद्यार्थ्यांनी मेळावा भरवला आणि प्रमुख पाहुणी म्हणून मला बोलावलं. मी एकतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. झाडांची लॅटिन नावं घोकून घेता घेता शब्दाचं मूळ उकरायची खोड लागली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

गेटवर प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड अडकवत होते. त्यावर नाव, आणि खाली 'अ‍ॅलम्नस'. तिथंच तानाबाई उभी होती. सव्वीस वर्षं तिनं या बोर्डिंगातल्या पोरांच्या भाकऱ्या थापल्या. कोडोलीहून एसटीनं आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. संघटनेचा अध्यक्ष उदयसिंह, शिरोलीत कारखाना असलेला, तिला सांगत होता, "मावशी, रजिस्टरात नाव असंल त्यालाच आत खुर्ची हाय. तुमी मागं रश्श्याकडं बघा की जरा."

ती गेलीसुद्धा. माझ्या अंगाची नुसती आग झाली.

भाषणाला उभी राहिले तेव्हा लिहून आणलेला कागद पर्समध्येच राहू दिला.

"गळ्यातल्या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे?" मी विचारलं. "लॅटिनमध्ये 'आलेरे' म्हणजे पोसणं, खाऊपिऊ घालून वाढवणं. त्यावरून 'अलुम्नुस', म्हणजे पोसलेलं पोर. दुसऱ्याच्या घरी वाढलेल्या मुलाला रोमन लोक असं म्हणत. शाळा-कॉलेज त्याला फार नंतर चिकटलं. तुम्हाला पोसणारी बाई मागं चुलीपाशी आहे आणि तुम्ही इथं फेटे बांधून बसलाय. लाज कशी वाटत नाही?"

उदयसिंह धावत मागं गेला आणि पदराला हात पुसणाऱ्या तानाबाईला स्टेजवर घेऊन आला. मला वाटलं, चला, उमजलं पोराला.

"मावशी आजपास्नं आमच्या मानद अ‍ॅलम्नस!" असं माइकवर ओरडत त्यानं नावाची जागा कोरी असलेलं एक कार्ड तिच्या गळ्यात घातलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी कपाळावर हात मारून घेतला. एवढा घसा फोडून सांगितलं ते कुणाला?

तानाबाईनं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "बाई, काय लिवलंय ह्यात?"

"ज्याला दुसऱ्यानं पोसलं, तो," मी म्हटलं.

तिनं कार्ड गळ्यातून काढलं आणि उदयसिंहाच्या हातात ठेवलं.

"ह्ये माझं न्हवं रं. मला कुणी पोसलं न्हाय."