कचरूच्या वाट्याच्या खेपा

"एवढंच?" भैरू खाली वाकून कचरूचा गुडघा न्याहाळत म्हणाला. "दोन भोकं? आन् ह्याच्यासाठी पार सदाशिव पेठेतला डाक्टर?"

कचरूच्या खोलीत टोळीतली सगळी माणसं दाटीवाटीने बसली होती. मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात एकत्र पोती वाहणारी आणि आलेली हमाली एकत्र वाटून घेणारी ही टोळी. आपला गडी ऑपरेशन करून आलाय म्हटल्यावर पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये असेल, निदान चेहरा तरी उतरलेला असेल, अशा तयारीनं सगळे आले होते. बघतात तर गुडघ्यावर दोन चिकटपट्ट्या, आणि पेशंट खाटेवर बसून चहा पितोय.

"माझ्या बायकूच्या पायात बाभळीचा काटा गेला, तवा याच्याहून मोठं भोक पडलं हुतं," मुकादम सीताराम म्हणाला आणि सगळी खोली हसली. कचरूही हसला. त्याची बायको कांताबाई पदराआडून हसली.

मुक्ताई मात्र हसली नाही. कचरूची ही एकुलती लेक हडपसरला आयटी कंपनीत नोकरीला लागली होती. तिच्या कंपनीच्या विम्यात आईबापांचा दवाखानाही बसत होता, म्हणून तर हे सगळं घडलं.

"काका, हसू नका हं. आत मेजर काम केलंय. सहा आठवडे बाबांनी तो पाय जमिनीला टेकवायचासुद्धा नाही. एकदाही नाही."

"आन् मोरीत जाताना?" भैरूनं विचारलं.

"कुबड्या आहेत ना."

भैरूनं कोपऱ्यातल्या कुबड्यांकडे पाहिलं आणि मान डोलावली. दोन भोकांवर त्याचा विश्वास नव्हता, पण कुबड्या त्याला समजत होत्या.

आदल्या दिवाळीत गाडी खाली करताना कचरू पोत्यासकट फळीवरून घसरला आणि उजव्या गुडघ्यावर आपटला. तेव्हापासून गुडघा सुजायचा, मधेच अडकायचा, जिना उतरताना दगा द्यायचा. लेप झाले, पट्टे झाले, हाड बसवणारा झाला. शेवटी मुक्ताईनं त्याला सदाशिव पेठेत नेलं. तिथले डॉक्टर शब्द उसने आणल्यासारखे जपून वापरत.

"गुडघा बदलायला तुम्ही म्हातारे नाही," ते फिल्म उजेडात धरून म्हणाले होते, "आणि गोळ्यांवर भागवण्याएवढा हलका तुमचा धंदा नाही. हाडावर एक गुळगुळीत गादी असते. तुमची एका जागी निघून गेलीय. दुर्बीण घालून जागा साफ करायची आणि हाडाला बारीक टोचे मारायचे. तिथून रक्त येतं, साकळतं, त्याची नवी गादी धरते. मूळच्याइतकी चांगली नाही, पण कामापुरती."

"मग पोतं उचलता येईल?"

"नको म्हणणं माझं काम. ऐकणार नाही हे मला दिसतंय. पण एक सांगतो. बाहेर दोन भोकं दिसतील, त्यावर जाऊ नका. आत मी पेरणी करणार आहे. उगवेपर्यंत त्या शेतात पाय ठेवायचा नाही. ठेवलात तर परत माझ्याकडे येण्याची तसदी घेऊ नका."

कचरूला हे बोलणं एकदम पटलं. आष्टीकडच्या कोरडवाहूतला माणूस तो, पेरलेल्या रानात पाय देऊ नये हे त्याला कोणी सांगायला नको होतं. शिवाय त्याला दुसरं काही येतच नव्हतं. पाय गेला की टोळी गेली, आणि टोळी गेली की लेकीच्या जिवावर बसून खाणं आलं. त्या विचारानंच त्याला रात्रीची भाकर गोड लागत नसे.

टोळीची रीत अशी होती, की आजाऱ्याची वाटणी थांबवायची नाही. त्याच्या वाट्याच्या खेपा बाकीच्यांनी वाटून घ्यायच्या. यातून भैरूला सूट होती. तो वयानं सगळ्यांत मोठा. पाठीवर पोतं घेणं सोडून त्याला तीन-चार वर्षं झाली होती. आता तो गाडीत उभा राहून खालच्यांच्या पाठीवर पोतं द्यायचा. पण त्या दिवशी उठता उठता त्यानं जाहीर केलं, "कचऱ्याच्या खेपा माझ्या."

"वय बघ की जरा," सीताराम म्हणाला.

"वय बघून पोतं हलकं हुतंय व्हय?"

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. दुष्काळाच्या साली दोघं एकाच एसटीनं पुण्यात उतरले होते. एका बारदानावर झोपले होते. कचरूला पहिलं पोतं कसं पेलायचं ते भैरूनं शिकवलं होतं, तेही शिव्या घालून.

रोज संध्याकाळी अंग झाडत तो दारात उभा राहायचा.

"उगवलं का रं?"

"अजून न्हाय, दादा."

"मग पाणी घाल की!" असं म्हणून स्वतःच खो खो हसायचा. हसता हसता दम लागायचा, मग चौकट धरून उभा राहायचा. कचरूला ते दिसत होतं. 'दादा, उद्यापासून खेपा सोड' हे वाक्य तो रोज ओठावर आणायचा आणि चहाबरोबर गिळायचा. कारण भैरूनं सोडलं असतं, तर त्या खेपा बाकीच्यांच्या पाठीवर पडल्या असत्या, आणि भैरूवर वाटायचा तेवढा हक्क त्याला त्यांच्यावर वाटत नव्हता.

निम्मी मुदत सरली असेल. भर दुपारी ज्वारीची गाडी खाली होत होती. भैरूनं पोतं थप्पीला लावलं, तिथंच टेकून बसला आणि पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत तो राहिला नाही.

कचरू रिक्षानं त्याच्या घरी पोचला तेव्हा टोळीनं तिरडी बांधायला घेतली होती. टोळीतला माणूस गेला की शववाहिनी बोलवायची नाही, जन्मभर ओझं वाहिलेल्याला खांद्यावरूनच न्यायचं, ही त्यांची दुसरी रीत. मुक्ताईचा हात धरून, कुबड्या टेकत कचरू आत गेला. भैरूची बायको सुंदराबाई भिंतीशी बसली होती. त्याला बघून तिनं पदर डोळ्यांना लावला, पण लगेच तिची नजर त्याच्या पायाकडे गेली.

"भावजी, पाय टेकू नका," ती म्हणाली. "त्या पायासाठीच वझं वाह्यलं त्यांनी."

तिच्या मनात किल्मिष नव्हतं. ती खरोखरच काळजीनं बोलली. कचरूला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

कुबड्यांवर अंत्ययात्रेच्या बरोबरीनं चालणं शक्य नव्हतं. मुक्ताईनं त्याला रिक्षानं पुढं, विसाव्याच्या जागी नेलं. तिथं तिरडी खाली टेकवतात, खडा ठेवतात, आणि पुन्हा उचलताना खांदेकरी जागा बदलतात. कचरू रस्त्याच्या कडेला उभा राहिला. उजवा पाय त्यानं वर दुमडून धरला होता.

टोळी आली. तिरडी टेकली. सगळं रीतीनं झालं आणि उचलायची वेळ आली. तिघांनी तीन टोकं धरली. पुढचं उजवं टोक मात्र कोणी धरेना. कोणी हाकही मारली नाही. सीताराम समोरच्या विजेच्या खांबाकडे बघत होता. ती जागा आपल्यासाठी ठेवलीय, हे न कळण्याएवढा कचरू परका नव्हता.

त्यानं एक कुबडी मुक्ताईच्या हातात दिली आणि उजवा पाय हळूहळू खाली सोडला. अंगठ्याला तापलेलं डांबर लागलं. खांदा द्यायचा तर त्या पायावर सगळा भार घ्यावा लागणार होता. म्हणजे भैरूनं त्याच्यासाठी वाहिलेलं पोतं न् पोतं मातीत. आणि खांदा नाही दिला, तर भैरूचा तो कोण होता?

"बाबा," मुक्ताई म्हणाली.

कचरूनं पाय वर घेतला.

"उचला," तो म्हणाला.

चौथा खांदा शेजारच्या टोळीतल्या एका हमालानं दिला. यात्रा पुढं गेली, वळली, दिसेनाशी झाली. मुक्ताईनं रिक्षा बोलावू का म्हणून विचारलं. कचरू त्या खड्याकडे बघत उभा राहिला आणि लहान पोरासारखा रडला.

कोणी त्याला दोष दिला नाही. एखाद्यानं टोमणा मारला असता तर त्याला भांडता तरी आलं असतं. टोळीनं ठरल्याप्रमाणं वाटणी घरी पोचवली. खेपा आता सगळ्यांत वाटल्या जात होत्या.

डॉक्टरांनी कित्येक महिन्यांनी नवी फिल्म पाहिली आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधानासारखं काहीतरी दिसलं. "छान धरलंय. सगळ्यांचं धरत नाही. काय केलंत तुम्ही?"

"कायच केलं न्हाय, डाक्टर," कचरू म्हणाला.

"तेच तर लोकांना जमत नाही."

कामावर परतला त्या दिवशी गाडीत भैरूच्या जागी दुसराच माणूस उभा होता. त्यानं कचरूच्या पाठीवर पोतं ठेवलं. आता दुखेल, म्हणून कचरूनं दात आवळले आणि पाऊल टाकलं. काही नाही. फळी चढताना दुखेल, वळताना दुखेल, थप्पीला लावताना तरी एक कळ येईल, अशी तो वाट बघत राहिला. आतून पाय शांत होता. दुपारपर्यंत त्याला त्या शांतपणाची भीती वाटू लागली.

गाळ्याच्या दाराशी सुंदराबाई ज्वारी चाळायला बसली होती. भैरू गेल्यावर व्यापाऱ्यानं तिला कामाला घेतलं होतं. रिकाम्या पाठीनं तो जवळून जाताना तिनं चाळणी थांबवली.

"दुखत न्हाय न्हवं, भावजी?"

"न्हाय, वहिनी. आजाबात न्हाय."

"बरं झालं," ती म्हणाली. "त्यांच्या जिवाला बरं वाटंल." आणि ती पुन्हा चाळू लागली.

संध्याकाळी तो घरी आला आणि चप्पल न काढताच खाटेवर बसला. कांताबाईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"दुखतोय का वो?"

कचरूनं उजवा पाय लांब केला.

"व्हय," तो म्हणाला. "लई दुखतोय."

तिनं वाटीत तेल कोमट केलं आणि जमिनीवर बसून त्याचा गुडघा चोळायला घेतला. आणखी जोरात चोळ, तो म्हणाला. ती चोळत राहिली.