घडीतली मेंढरं

चंद्रभान गुरुजींची मॅट्रिक उर्दूतून झालेली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि दीडेक वर्षानं त्यांनी वरच्या जागेसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायचं मनावर घेतलं. परभणीला स्टेशनाजवळच्या रद्दीवाल्याकडून एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आणली. पोखर्णीतली सकाळची शाळा सुटली की लिंबाखाली डिक्शनरी घेऊन बसायचे. अडलेला प्रत्येक लफ्ज वहीत उतरवायचे. दिवसाला दीड पान व्हायचं. वही भरत चालली होती, पण गोष्ट काय ते कुणी विचारलं असतं तर एका-दोन ओळींपलीकडं सांगता आलं नसतं.

त्या चैत्रात शाळेलगतच्या रानात खतासाठी उमाजीची मेंढरं बसवली होती. उमाजीची बायको भिवराबाई शाळेच्या आडावर पाणी न्यायला यायची. एका दुपारी ती घागर खाली ठेवून म्हणाली, "गुरुजी, काय वाचायलाव एवढं?"

"मेंढरांचीच गोष्ट हाय, मावशी. बाप मेल्यावर एक पोरगी कळप सांभाळती. पण इथं अडलंय. सांजच्याला तिनं मेंढरं फोल्डमधी आणली. अन् फोल्ड म्हंजे घडी."

"मेंढरं काय लुगडं हाय व्हय, घडी घालायला?" भिवराबाई हसली. "सांज झाली की आमी वाघरीत घालताव. जाळं लावून कोंडताव. तेच आसंल."

गुरुजींनी डिक्शनरी पुन्हा उघडली. खाली बारीक अक्षरात दुसरा अर्थ होता: मेंढवाडा. पहिला अर्थ मिळाला की ते पान मिटत आले होते.

"मंग पुढं?" तिनं विचारलं.

"पुढं अजून वाचलं न्हाई."

"आमी चार दिसांनी मेंढरं चारायला गंगेकडं जायलाव. तवर सांगा."

अजून दीडशे पानं उरली होती. गुरुजींनी वही बाजूला ठेवली आणि नुसतं वाचायला लागले. अडलं तरी थांबायचं नाही. पहिले दोन तास अंधारात चाचपडल्यासारखे गेले. मग 'शिअर्स' आला. पुस्तकातली माणसं ते हातात धरून लोकर काढत होती. कातर, दुसरं काय. समोर उमाजी तेच करत होता. 'ब्लीट' तर कोकरू चुकलेल्या मेंढीनंच बें बें करून सांगितला. रोज दुपारी ते भिवराबाईला वाचलेलं सांगायचे, आणि सांगताना कुठं समजलं नव्हतं ते आपोआप कळायचं.

चौथ्या दिवशी, वाघरीची जाळी घोड्यावर लादली जात असताना, त्यांनी शेवट सांगितला. पोरीनं कळप विकला आणि गिरणीवाल्याशी लग्न केलं.

भिवराबाईनं विचारलं, "मेंढरं इकल्यावर ती दिसभर करती काय?"

"ते पुस्तकात न्हाई."

"लय घाईत संपवलं," ती म्हणाली आणि कळपामागं चालू लागली.

दिवाळीच्या आधी परीक्षा झाली. एका उताऱ्यात सात शब्द अनोळखी होते. गुरुजींनी उतारा दोनदा सावकाश वाचला, पाचांचे अर्थ लागले, दोन सोडून दिले. शंभरात त्रेपन्न मार्क पडले. वरच्या जागेवर बदलीचा हुकूम ताडकळसचा निघाला.