गुलाबाच्या शेजारची मी

मी बोलतेय, शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या मागच्या दारी, भिंतीच्या फटीत उगवलेली रानटी वनस्पती. नाव विचारू नका, कुणी ठेवलेलंच नाही. शेजारच्या कुंडीतल्या गुलाबाला मात्र बाई 'राजा' म्हणायच्या. तिथूनच माझ्या पोटात दुखायला लागलं.

रूपानं मी काही कमी नाही. माझ्या पानांवर पांढरी, मऊ लव आहे. तिच्यामुळे ऊन बाधत नाही, अंगातलं पाणी उडून जात नाही. माझं पिवळं फूल दिसायला एक, पण ती इवल्या इवल्या फुलांची दाटीवाटी असते. उन्हाळ्यात मी वरून वाळते, पण खाली मूळ जिवंत असतं. वर्षानुवर्षं अशीच परत येते. आणि राजा? एक दिवस पाणी चुकलं की मान टाकायचा. तरी मशीनवर बसण्याआधी बाई त्याच्याशीच बोलायच्या आणि साडीला चिकटलेले दोरे माझ्यावर झटकायच्या.

एकदा राजाच्या पानांवर पांढरी भुरी धरली. खरं सांगते, मला आनंद झाला. पण बाईंच्या धाकट्या नणंदेची नजर माझ्याकडे वळली.

"वहिनी, हिच्याच अंगावरची बुरशी त्याला लागलीय. आधी हिला उपटा."

"मी आपली धूळच समजत होते," बाई म्हणाल्या.

दोघींनी मला ओढलं. मूळ खोल, निघेना. मग बाईंनी कात्री आणली, तीही बोथट. राजाच्या फांद्या छाटायला चांगली कात्री असायची.

राजाला औषध फवारलं, सावलीत ठेवलं. तरी तो गेला. बाई पायरीवर बसून रडल्या. मला कापताना डोळ्यांत टिपूस नव्हता. मेल्यावरही त्यानंच बाजी मारली.

पुढे मला नवी पानं फुटली. बाईंनी एक पान अंगठ्यानं पुसून पाहिलं. लव काही निघेना.

"अगं, ही बुरशी नव्हेच," त्या नणंदेला म्हणाल्या. "हिचं पानच लोकरीचं आहे. उगाच कापलं गं बिचारीला."

तेव्हापासून राजाच्या वाट्याचं पाणी मला मिळतं. बाई रोज वाकून माझ्या पानावरून बोट फिरवतात. मी सुखावते. पण मी कोरड्या फटीतली, एवढं पाणी मला सोसत नाही. खालची पानं काळी पडलीत, मूळ सडायला लागलंय. बाईंना वाटतं, अजून तहानलेलीच आहे, म्हणून त्या आणखी ओततात.

बाई, पाणी घालू नका हो. नुसत्याच येत जा. आणि ती कुंडी रिकामी आहे, ती रिकामीच असू द्या.