मधल्या मापाचा कोट

मी कोट बोलतोय. कुणाचा, ते विचारू नका. माझं सगळं रडगाणं त्याच एका प्रश्नाचं आहे.

रंगाने मी राखाडी. दुकानात माझं कापड एका लालभडक ताग्याखाली दबून पडलं होतं. गिऱ्हाईक म्हणालं, "हेच द्या, कशावरही शोभेल," तेव्हा मी हुरळून गेलो. वाटलं, चला, आपल्याला कुणीतरी निवडलं. पुढे कळलं की त्यांना रोज सकाळी काही निवडावंच लागू नये, म्हणून मला घेतलं होतं.

गिऱ्हाईक म्हणजे नवरा-बायको. तो लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. ती संग्रहालयात जुने, फाटके नकाशे दुरुस्त करते. दोघं मला घेऊन शिंप्याकडे गेली. शिंप्याने आधी त्याची मापं घेतली. फीत गळ्यात अडकवून तो कात्री उचलणार, तेवढ्यात नवरा म्हणाला, "आता हिचीही घ्या."

"म्हणजे दोन कोट?"

"नाही, एकच. दोघांना झाला पाहिजे. मधलं माप काढा."

शिंप्याने पेन्सिल खाली ठेवली. "साहेब, इतकी वर्षं शिवतोय, मधल्या मापाचं माणूस अजून दुकानात आलेलं नाही."

"अहो, साधा हिशेब आहे. खांद्याला ती थोडी कमी, मी थोडा जास्त."

शिंप्याने तिच्याकडे पाहिलं. ती हसून म्हणाली, "शिवा हो. त्याच्या डोक्यात एकदा शिरलं की निघत नाही." गुंड्या उजवीकडे लावू की डावीकडे, हे शिंप्याने विचारलं, तर नवरा म्हणाला, कुठेही लावा. शेवटी त्या पुरुषी बाजूला लागल्या. शिंप्याने माझ्या शिवणींत भरपूर माया ठेवली, म्हणजे कापड आत दुमडून शिल्लक ठेवलं. मी परत येणार हे त्याला तेव्हाच ठाऊक असावं.

असा मी जन्मलो. त्याच्या मनगटाच्या वर संपणारा आणि तिच्या खांद्यावरून घसरणारा.

त्यांच्या घरी गेल्यावर सगळा उलगडा झाला. त्याला कमी कपड्यांत राहायचं वेड लागलं होतं. मोजके कपडे, सगळे एकमेकांवर जाणारे, आणि एकाच कपाटात दोघांचा संसार. बाकीचं सगळं त्याने वाटून टाकलं होतं. त्यात तिचा फुलाफुलांचा ड्रेस होता, तिची मोरपंखी शाल होती. ती म्हणाली होती, "जाऊ दे, खरंच फार झालंय." आणि खरं सांगायचं तर पहिले काही दिवस तिलाही बरं वाटलं. कपाटाचं दार लागायला लागलं. सकाळी कपड्यांवरून होणारा उशीर थांबला. हे मी नाकारत नाही. माझी तक्रार कमी कपड्यांबद्दल नाहीच.

त्याची आई राहायला आली. तिने कपाट उघडलं, आत पाहिलं आणि घाबऱ्याघुबऱ्या हाक मारली, "अगं, घरात चोरी झाली की काय?"

सून हसता हसता खाली बसली. मुलगा मात्र आईला आणि बायकोला मिळून तासभर समजावत होता की गरजा कमी केल्या की डोकं कसं मोकळं राहतं. आई शेवटी म्हणाली, "तुझं डोकं मोकळं झालंय खरं, ते दिसतंय." आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

कपाटात आम्ही कोण होतो म्हणता? पांढरे सदरे, काळ्या पँटी, एक निळं स्वेटर, आणि मी. सगळे शहाणे, सगळे गप्प. कुणाशी कुणाचं भांडण होऊ नये म्हणूनच निवडलेले. पण राबायचो मी. एक दिवस त्याच्या ऑफिसात मी, एक दिवस तिच्या संग्रहालयात मी, लग्नाला मी, अंत्यविधीला मी, दवाखान्यात रात्रभर खुर्चीवर पांघरूण म्हणून मी. प्रवासात तर मला गुंडाळून उशी केली जायची. ती बाह्या दुमडायची, तो ओढून सरळ करायचा. दुमडून आणि ओढून माझ्या मनगटाशी अशी चुणी पडली की इस्त्रीने हात टेकले. पुरुषी बाजूच्या गुंड्या लावताना ती दर वेळी चाचपडायची, आणि तो दर वेळी म्हणायचा, "सवय होईल."

एकच गोष्ट मला आवडायची. खिसे त्यांनी वाटून घेतले होते. डावा त्याचा, त्यात पेन्सिलींचे तुकडे आणि कसले कसले स्क्रू. उजवा तिचा. त्यात ती पेपरमिंटच्या गोळ्या ठेवायची. नकाशावर वाकून काम करताना हात कोरडा करायचा म्हणून ती तो खिशात घालायची आणि थोडा वेळ तसाच ठेवायची. त्या हाताला जुन्या कागदाचा आणि खळीचा वास यायचा. मी कुणाचा, असं मला कुणी विचारलं असतं ना, तर माझं उत्तर त्या खिशात तयार होतं. विचारलं मात्र कुणीच नाही.

मग ती सकाळ आली. संग्रहालयात नकाशांच्या विभागाला प्रमुख नेमायचा होता, आणि त्यासाठी तिची मुलाखत होती. कितीतरी वर्षं तो विभाग तीच सांभाळत होती, फक्त पाटी दुसऱ्याच्या नावाची होती. महिनाभर जेवताना ती त्याच विषयावर बोलत होती. तो मान डोलवत होता. त्याच सकाळी त्याला एका मोठ्या इमारतीच्या मालकांना लिफ्टचा आराखडा समजावून सांगायचा होता. हेही त्याने तिला सांगितलं होतं. दोघांनीही ऐकलं होतं. फक्त मधे कोट एकच आहे, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

कपाटापुढे दोघांचे हात एकदमच माझ्यावर पडले.

"अगं, आज मला लागेल."

"आज माझी मुलाखत आहे."

"हो, पण तुझ्याकडे काम बघतील ना. कपडे कोण बघतंय?"

"मग तुझ्याकडेही लिफ्टच बघतील."

"असं काय करतेस? आपण ठरवलं होतं ना, एकावर भागवायचं."

"तू ठरवलंस. मी हो म्हटलं."

तो जरा चिडून म्हणाला, "मग तेव्हाच नाही म्हणायचं होतंस," आणि त्याने मला ओढलं. तिच्या मुठीत माझी बाही होती. काखेत टर्रकन आवाज झाला. तिने मूठ सोडली. आधी तिने सोडली, हे मी कधी विसरणार नाही. निळं स्वेटर डोक्यावरून घालून ती निघून गेली.

मला वाटलं, आता तरी तो मला खुंटीला लावेल. पण नाही. त्याने मला तसंच फाटकं चढवलं आणि हात अंगाशी दाबून गेला. मालक लोक फळ्यासमोर बसले. कुणीतरी विचारलं, "आणि सगळ्यात वरच्या मजल्याचं काय?" वरचा मजला फळ्याच्या वरच्या टोकाला. लिफ्टचा इंजिनिअर, आणि हात काही वर जाईना. शेवटी त्याने हनुवटीने दाखवलं. लोकांना वाटलं, माणसाचा खांदा आखडलाय. एकाने तर जाताना मलमाचं नावही सांगितलं. काम मात्र त्याला मिळालं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

संध्याकाळी ती आली. मी खुर्चीच्या पाठीवर पडलो होतो.

"कसं झालं?" त्याने विचारलं.

"स्वेटरचं कोपर विरलंय. घालताना बघितलंच नाही. नकाशा पसरून त्यांना दाखवायचा होता, जोड कुठे आहे तो. मी हात टेबलाखालीच धरून बसले. तोंडाने सांगत राहिले."

"अगं, त्यात काय? कुणाचं लक्षही गेलं नसेल."

"माझं गेलं ना."

तो म्हणाला, "मला खरंच वाटलं नव्हतं असं काही होईल."

"तेच तर," ती म्हणाली. "तुला वाटत नाही, म्हणून माझं काही असत नाही."

पुढच्या आठवड्यात संग्रहालयाचं उत्तर आलं. जागा बाहेरून आलेल्या कुणाला तरी दिली होती. तिने ते त्याला वाचून दाखवलं नाही, नुसतं सांगितलं, आणि मला पिशवीत घालून एकटीच शिंप्याकडे निघाली. खोटं कशाला बोलू, आशा वाटत होती. इतकं झाल्यावर ती मला आपला करून घेईल, असंच मला वाटलं.

शिंप्याने माझी काख उलटी करून पाहिली, शिवणी चाचपल्या आणि म्हणाला, "बाई, माया ठेवलीय मी. आता एकाच्याच मापाचा होईल. कुणाच्या करू?"

मी जर बोलू शकलो असतो तर तेव्हा ओरडलो असतो.

"माझ्या नवऱ्याच्या," ती म्हणाली. तिचा हात माझ्या उजव्या खिशापाशी क्षणभर थांबला. "आणि माझ्यासाठी नवा शिवा. तो तागा दाखवा, पिवळा. गुंड्या माझ्या बाजूला."

"पिवळा कशावरही नाही जायचा, बाई."

"नाही गेला तरी चालेल. मला शोभला म्हणजे झालं."

आता मी पूर्ण मापाचा आहे. बाह्या मनगटापर्यंत येतात, खांदे बरोब्बर बसतात, आणि मी कुणाचा हा प्रश्न उरलेला नाही. तो मला बरा वापरतो. मधे एकदा त्याने कपाटाच्या तिच्या बाजूची जागा आपणहून मोकळी करून दिली. पिवळा कोट तिथे ऐटीत लटकतो. त्याच्याशी माझं वैर नाही. राग मला त्या फितीचा येतो, दोन जिवंत माणसं मोजून मधला आकडा सांगणाऱ्या.

तुम्हाला कमी कपड्यांत राहायचं असेल तर खुशाल राहा. एकच कोट ठेवा, पण तो कुणाचा ते आधी ठरवा, आणि ज्याने मुकाट्याने हो म्हटलं त्याला पुन्हा एकदा विचारा.

बाकी माझं बरं चाललंय. तो डावरा आहे, उजव्या खिशात त्याचा हात कधी जात नाही. शिंप्याकडे जाताना घाईत तिची एक पेपरमिंटची गोळी तिथे राहून गेलीय. ती मी जपून ठेवलीय.