उलट्या घागरीतलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी लेव्हल आहे. जमिनीचा चढ-उतार मोजणारी, तिपाईवर उभी राहणारी पितळी दुर्बीण. माझ्या अंगावर काचेची एक नळी आहे. तिच्यातला बुडबुडा मधोमध थांबला, की माझी नजर साचलेल्या पाण्यासारखी आडवी होते. पण माझ्या भिंगांची एक खोड आहे. माझ्यातून सगळे उलटे दिसते. मुळे वर, शेंडे खाली. म्हणून माझ्या सोबतीच्या उंच पट्टीवर आकडेच उलटे रंगवलेले असतात. माझ्यातून ते सुलटे वाचता येतात.

तरुणपणी मी कालव्याच्या कामावर होते. मग सुलटे दाखवणाऱ्या नव्या लेव्हल आल्या आणि मी कोठीत पडले. धुळ्याच्या लिलावात पुनाने मला उचलले, तेव्हा माझी काच धुरकटली होती. त्याने वडिलांच्या जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने ती पुसली. त्या पहिल्या स्पर्शाची मी आजही ऋणी आहे.

पुना साक्रीकडच्या खेड्यातला. स्थापत्याची पदविका घेऊन त्याला तीन वर्षे झाली होती. सरकारी भरती बंद होती आणि ठेकेदार होती ती माणसेही कमी करत होते. मग त्याने ठरवले, नोकरी नसली तर सुटी कामे शोधायची. त्याचे वडील झुलाल सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीने दुसऱ्याच्या शेतात राबणारे. आमच्या खान्देशात सालदाराचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपते आणि आखाजीलाच नवे ठरते. झुलालांचे गुडघे थकले होते. मालकाचा निरोप आला होता, यंदापासून पोराला पाठवा.

"आखाजीलगून देखी ले, बाबा," झुलालांनी पुनाला मुदत दिली. "नही ते मना मांगे सालदारकी शेच."

१९८८ची आखाजी अकरा दिवसांवर होती. पुना मला मांडीवर घेऊन एसटीने रावेरला आला. इकडे केळीला पाणी होते आणि पाण्याला पाइप लागत होते. पाइपांचे व्यापारी अमृतलालशेठ यांनी त्याला दुकानाच्या ओट्यावर बसू दिले. "बस रे. माझे पाइप लोक नुसत्या नजरेनं टाकतात, पाणी पोचत नाही, अन् शिव्या मला," ते म्हणाले. आठ दिवस कोणी काम दिले नाही. पण एसटीच्या हादऱ्यांनी माझी नजर ढळली तर नाही ना, हे पुना रोज सकाळी दोन खुंट्या ठोकून तपासत होता. काम नसतानाही!

नवव्या दिवशी शेठजींनी उखर्डू आबा या केळीवाल्या शेतकऱ्याशी त्याची गाठ घालून दिली. आबांच्या हौदातले पाणी पलीकडच्या केळीत पोचतच नव्हते. निंबाच्या झाडापाशी थबकत होते. शेतात येताच आबांनी पट्टी पाहिली.

"आकडे उलटे लिव्हले! शिकला कुठी रे बाबा तू?"

मग त्यांनी माझ्यात डोळा घातला, आणि दचकून मागे सरले. समोरून त्यांच्या पत्नी मंजुळाबाई डोक्यावर घागर घेऊन येत होत्या.

"घागर उपडी! भरल्या घरात उपडी घागर दाखवतं हे? उचल तुह्यं सामान!"

पुनाचा चेहरा उतरला. दोनच दिवस उरले होते. तो भिंगांचा नियम सांगू लागला, पण आबांनी पाठ फिरवली. पाहणाऱ्याला आधी सावध करायला तो विसरला होता. चूक त्याची होती आणि खोड माझी.

मंजुळाबाईंनी घागर खाली ठेवली. "मले पाहू द्या." त्यांनी मला आबांकडे वळवले आणि खदखदून हसल्या. "अवं माय! तुम्ही तं वटवाघुळावानी टांगेल दिसता! तीस वर्षं मी बोलते ते डोक्यात शिरत नाही. आता डोकं खाली आहे तं शिरेल." मग पदर पुढे धरून म्हणाल्या, "घागर उपडी व्हती, तं हा कोरडा कसा?"

आबा मिशीत हसले. पुनाला धीर आला. "आबा, यंत्राचं ऐकू नका, पाण्याचं ऐका. मी रेघ मारतो, पाइपाआधी तिथं वीतभर खोल चारी खणू. पाणी पोचलं नाही तर मी जातो."

पट्टी मंजुळाबाईंनी धरली. मागे सातपुडा उभा असला की डोळ्याला उतार नीट कळत नाही. निंबापाशी जमीन हौदाच्या तोंडापेक्षा बावीस सेंटिमीटर उंच निघाली. पुनाने निंबाला वळसा घालून चुन्याची रेघ मारली. दुसऱ्या दिवशी चारीत पाणी सोडले. आबा त्याच्या सोबत पावले टाकत चालले. निंबापाशी ते थांबले, पण पाणी थांबले नाही. ते शेवटच्या केळीपर्यंत गेले.

आबा ओंजळ भरून मला अंघोळ घालायला धावले. "आबा, भिंगं!" पुना ओरडला. शेवटी मंजुळाबाईंनी तिपाईला कुंकू लावले. त्याच संध्याकाळी आबांनी आणखी दोघा शेतकऱ्यांना काम घेऊन पुनाकडे आणले.

आखाजीला गावी मालकाचा माणूस दारात आला, तेव्हा झुलाल ताठ उभे राहून म्हणाले, "मना पोऱ्या आते कोणा सालमा नही."

आता मी पुनाच्या धुळ्यातल्या खोलीत फळीवर असते. कामावर नवी लेव्हल जाते. पण दर आखाजीला तो मला खाली काढतो, पुसतो आणि अंगणात उभी करतो. झुलाल माझ्यातून लेकाकडे पाहतात आणि दरवर्षी तेच बोलतात, "उलटं दिखस, पन पानी ते सरळ ऊनं." ऊनं म्हणजे आलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूची काच मऊ फडक्यानेच पुसा. आणि कोणी आपले काम घेऊन दारोदार फिरताना दिसला, तर त्याला ओट्यावर थोडी जागा द्या. आम्हा दोघांना तेवढीच लागली होती.