कार्डिओच्या पानातला कागद

मी एक जुना वैद्यकीय शब्दकोश आहे. मित्रांनो, माझ्या पोटात हजारो लांबलचक ग्रीक शब्द आहेत. त्यांचे तुकडे कसे पाडायचे, जोर कुठे द्यायचा, याच्या बारीक खुणाही आहेत. दयाराम कंपाउंडरांनी मला नागपुरात घेतलं. रायपूरच्या रेल्वे दवाखान्यात मी त्यांच्या टेबलावर मानानं नांदलो. ते निवृत्त झाले आणि माझी रवानगी कूलरच्या पायाखाली झाली. ओलीनं पानं फुगली. फार वाईट वाटलं मला.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, त्यानंतर दोन वर्षांनी त्यांची नात सोनिया नर्सिंगला गेली. मग मला बाहेर काढून सदर बाजारातल्या नव्या कापडात बांधलं. तोंडी परीक्षेत पोरीची जीभ अडखळायची. म्हणून आजोबांनी बुद्धविहारातल्या वंदनेची पद्धत उचलली. ते एकेक तुकडा म्हणत, ती मागून म्हणे.

"स्प्ली-नो-मे-गॅ-ली. जोर 'मे'वर दे, पोट्टी. स्प्लीनो म्हणजे प्लीहा, मेगॅली म्हणजे वाढलेली."

"हव, आजोबा."

मला मात्र धडकी भरली होती. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी स्वतःच्या तपासणीचा कागद माझ्यातच लपवला होता. 'ताबडतोब मोठ्या दवाखान्यात दाखवा,' असं त्यावर लिहिलेलं. परीक्षेआधी नातीच्या जिवाला घोर नको, म्हणून हा माणूस गप्प! पण बाटल्या अक्षरवार लावण्यात जन्म गेलेला. कागदावर ज्या आजाराचं नाव होतं, बरोबर त्याच शब्दाच्या पानात त्यांनी तो ठेवला. वर रोज तिला तसलेच शब्द वाचायला शिकवत होते. ती त्या पानाशी कधी पोचते, याची मला भीती होती आणि खरं सांगतो, उत्सुकताही होती.

परीक्षेला दोन दिवस उरले असताना तिनं 'कार्डिओ' शोधलं. कागदाची घडी उलगडली.

"कार-डि-ओ-मे-गॅ-ली." जोर अगदी बरोबर पडला. "कार्डिओ म्हणजे हृदय..." तिनं कागद आजोबांपुढे धरला. "आजोबा, ये कब का है? मले काहून नाही सांगितलं?"

"तुह्या परीक्षेनंतर सांगणार होतो ना."

"परीक्षा फिर से दे दूँगी. चला, चप्पल घाला."

म्हाताऱ्यानं चप्पल घातली. मी टेबलावर उघडाच राहिलो.

मित्रांनो, जुन्या पुस्तकांना ओल लागू देऊ नका. आम्हाला हाताळा, वाचा, हवं तर पानांवर खुणा करा. पण आपलं दुखणं आपल्या माणसांपासून लपवायला आमच्याकडे येऊ नका.