दहा ते पाच : आराम

आमच्या घरात हृदय एकच आहे, आणि ते माझ्या सासऱ्यांचं, टिकारामजींचं. मी त्यांना मामाजी म्हणते. ते धडधडलं की अख्खं घर धावतं. सासूबाईंच्या, म्हणजे कुसुमताईंच्या छातीत धडधडलं की त्या गुपचूप ओवा चावतात. "गॅस हाय," असं निदान मामाजींनी कधीतरी करून ठेवलं होतं आणि ते कुणी बदललं नव्हतं. लग्न होऊन सिहोऱ्याला आल्यापासून चार वर्षं मी बघत होते. पाण्याची बादली उचलली की त्यांना धाप लागायची, मध्येच डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायच्या, "ह्यायचं होऊ दे आंधी."

तर ह्यांचं चाललं होतं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी दोनदा ईसीजी काढला. दोन्ही चांगले आले, कारण मामाजींची धडधड डॉक्टरांसमोर यायचीच नाही. मग एका संध्याकाळी त्यांच्या छातीला पाच वायर चिकटवून एक डबी गळ्यात अडकवली. ती चोवीस तास प्रत्येक ठोका नोंदवणार होती. सोबत कागद दिला. किती वाजता काय केलं ते एका रकान्यात, काय त्रास झाला ते दुसऱ्यात लिहायचं. "डबी काढायची नाही," डॉक्टरांनी बजावलं. एखादी वायर सुटलीच तर म्हणून जास्तीच्या चिकटपट्ट्याही दिल्या.

दुसऱ्या दिवशी गावची मंडई होती. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे आमच्याकडची जत्राच; घराघरांत पाहुणे, आणि मामाजी मंचावर. पांढरा सदरा घालून ते आरशासमोर उभे राहिले, तर डबी पोटावर फुगून दिसत होती.

"हे घेऊन चारचौघांत कसा बसू? लोक म्हनतीन, बुढ्याचं झालं आता."

"पण मामाजी, मशीनला ठोके लागतात."

"ठोकेच पायजे नं? तुयी सासू रिकामीच हाय घरी. लाव तिले. मी आलो का मले लावजो."

हे मी मुद्दाम केलं असं सांगायला मला आवडलं असतं. खरं तर मला फक्त हसू येत होतं. सासूबाई मसाला वाटत होत्या. "गुदगुल्या होऊन राहिल्या वं," म्हणत त्यांनी वायर लावून घेतल्या, डबी पदराखाली खोचली आणि पुन्हा पाट्याला भिडल्या. मामाजींनी निघण्याआधी कागद भरूनच टाकला. दहा ते पाच : आराम. त्रास : निरंक.

त्या दिवशी आमच्याकडे बावीस पाहुणे जेवले.

आम्ही तिघं भंडाऱ्याला गेलो, तर रिपोर्ट घेऊन डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं बसले होते. "टिकारामजी, दहा ते पाच तुम्ही आराम करत होता?"

"हो जी."

"साडेअकरापासून ठोक्यांचा ताल पार बिघडलाय. हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरताहेत. अशानं आत रक्ताची गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली की लकवा. रक्त पातळ ठेवायची गोळी लगेच सुरू करावी लागेल."

सासूबाई रडायलाच लागल्या. "देवा, ह्यायले काही होऊ नको देजो."

मामाजी माझ्याकडे बघत होते. बोलू नको, एवढंच त्या डोळ्यांत होतं. बायकोच्या लकव्यापेक्षा ह्यांना स्वतःच्या फजितीची काळजी! माझं डोकं फिरलं.

"डॉक्टर, ते ठोके ह्यांचे नाहीत. आईंचे आहेत."

डॉक्टर आम्हा सगळ्यांना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. सासूबाईंचा ईसीजी तिथल्या तिथे काढला. तोच बिघडलेला ताल.

"किती वर्षांपासून होतंय?"

सासूबाईंनी आधी मामाजींकडे बघितलं. "थे तं गॅस हाय नं?"

रक्ताच्या तपासण्या झाल्या, हृदयाची सोनोग्राफी झाली. गोळ्या मिळाल्या त्या सासूबाईंना. मामाजींच्या वाट्याच्या तासांत चारदोन जादा ठोके निघाले. त्यांना फक्त तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडायला सांगितला, आणि तेवढ्यानंच ते आजारी दिसायला लागले.

महिन्याभरानं गोळ्या लागू पडल्या का ते बघायला डबी पुन्हा आली, या वेळी रीतसर सासूबाईंच्या गळ्यात. "कागद टिकारामजी भरतील," डॉक्टर म्हणाले. "शेजारी राहून. खरं खरं."

मामाजी पहाटे पाचपासून पेन घेऊन त्यांच्या मागे फिरत होते. आंगण, सडा, गोठा, पाणी, चूल. नऊ वाजता कागद भरला. त्यांनी मला दुसरा मागितला. सव्वाबाराला ते ओसरीवर मटकन बसले. "मले धडधडून राहिलं."

सासूबाई कढईतला झारा तसाच टाकून पाणी घेऊन धावल्या.

संध्याकाळी मी तो दुसरा कागद वाचला. सव्वाबारा : मले पाणी द्याले धावली. शेजारी त्रासाचा रकाना होता. त्यात एक शब्द लिहिलेला होता.

मी.